एक पाटा अधिक

मुंबई–आग्रा रस्त्यावर किंवा पुण्याहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पहाटेच्या वेळी अजूनही कधीकधी एक चमत्कारिक तांडा दृष्टीस पडतो. आठ-दहा मालमोटारी एकामागून एक चाललेल्या असतात. पण त्यांना अंग म्हणून नसतेच. ना केबिन, ना हौदा. पुढे इंजिन व त्यावरचे टोपण, मागे दोन लांबच लांब पोलादी तुळया, खाली चाके, आणि एका तात्पुरत्या बैठकीवर तोंडाभोवती मफलर गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. कारखान्यातून निघालेली ही नुसती ‘चासी’ होय. तिच्यावर केबिन व हौदा चढवायचे काम पुढे एखाद्या गावातील सुतार, लोहार आणि रंगारी करतात. १९५४ साली जमशेदपूर येथे टाटांनी डायम्लर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनविण्यास आरंभ केला, तेव्हापासूनच्या मालकांना ही रीत परिचयाची आहे. आता सगळे अंग कारखान्यातच चढविलेल्या गाड्यांचे प्रमाण वाढत आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनी वातानुकूलित असल्या पाहिजेत असा नियमही झाला आहे. तरीही मालमोटार घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात अद्याप एक समज पक्का आहे. गाडी कारखान्याने अर्धी बनवायची, आणि उरलेली अर्धी आपल्या मिस्त्रीने, असा तो समज.

या समजात तथ्य नाही असे नाही. गवताच्या पेंढ्या वाहणाऱ्याला उंच कठडे लागतात, वाळू वाहणाऱ्याला बुटका व भक्कम हौदा लागतो, दुधाच्या टाकीची गोष्ट आणखी निराळी. स्थानिक कारागीर ही गरज ओळखतो आणि तो ज्या कौशल्याने लाकूड व पत्रा एकजीव करतो ते खरोखरीच पाहण्यासारखे असते. अडचण उत्पन्न होते ती वजनाच्या हिशेबात.

दोन आसांची, म्हणजे पुढे दोन व मागे चार चाके असलेली मालमोटार घ्यावी. १६ जुलै २०१८ पर्यंत तिचे भरल्या मालासह एकूण वजन १६.२ टनांहून अधिक असता कामा नये असा नियम होता. त्या दिवशी केंद्र सरकारने ही मर्यादा १८.५ टनांवर नेली. त्यांपैकी पुढच्या आसाने ७ टन व मागच्या आसाने ११.५ टन तोलावयाचे. या १८.५ टनांतून चासी, केबिन, हौदा, डिझेल, स्टेपनी, ताडपत्री, ड्रायव्हर आणि क्लीनर यांचे वजन वजा जाता जे उरते तेवढाच माल कायदेशीररीत्या भरता येतो. साहजिकच हौद्यात जाड लोखंडी कैच्या घातल्या, फाळके दुहेरी केले, टपावर मालासाठी कठडा उभारला, पुढे पितळी-पोलादी शोभा चढविली, की तितके किलो मालातून कमी होतात. गाडी मजबूत झाली म्हणून मालक समाधानी असतो. वस्तुतः त्याने आपल्याच भाड्याचा काही अंश लोखंडात कायमचा बंद करून ठेवलेला असतो. हे भाडे मग कोठून तरी भरून काढणे प्राप्त होते. हप्ते तर दर महिन्याला येतातच. भाड्याचा दर ठरतो टनावर, आणि तो ठरविणे एक-दोन गाड्यांच्या मालकाच्या हाती बहुधा नसते. अशा वेळी दोन टन अधिक भरण्याचा मोह होतो, गाडी मागून बसते, आणि मिस्त्री सांगतो, “शेठ, एक पाटा टाकून देतो. मग तक्रार राहायची नाही.”

तक्रार राहत नाही हे खरे. पण ती का राहत नाही, हे पाहिले पाहिजे.

मालमोटारीच्या आसावर जी कमान असते, तिच्यात एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे असतात. सर्वांत लांब पाटा वर, त्याखाली उतरत्या लांबीचे. भार पडला की ही कमान सपाट होऊ लागते, पाटे एकमेकांवर घासतात, आणि खड्ड्याचा धक्का त्या वाकण्यात व घासण्यात जिरतो. एक पाटा वाढविला की कमान ताठ होते आणि त्याच भाराखाली कमी बसते. म्हणजे वाढलेल्या पाट्याने काय बदलले? फक्त कमानीचे वाकणे. आसाची नळी, चाकाचे बेअरिंग, चाक धरून ठेवणारे बोल्ट, टायर, चासीच्या तुळया, ब्रेकचे ड्रम, सारे पूर्वीचेच राहिले. मालमोटारीची भार वाहण्याची शक्ती वाढली नाही. भार फार झाला असे डोळ्यांना सांगणारी खूण तेवढी नाहीशी झाली.

याहून गंभीर एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. अनेक मालमोटारींत मागच्या आसाजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह बसविलेला असतो. त्याची दांडी आसाला जोडलेली असते. गाडी भरली, कमान बसली, चासी व आस यांमधील अंतर कमी झाले, की ती दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकांना हवेचा अधिक दाब पुरवितो. गाडी रिकामी असली म्हणजे तोच व्हॉल्व्ह दाब कमी ठेवतो, जेणेकरून हलकी झालेली मागची चाके एकदम जखडून गाडी आडवी होऊ नये. या व्हॉल्व्हला वजनकाटा नाही. तो केवळ कमान किती बसली ते पाहतो. पाटे वाढवून कमान ताठ केली, तर दहा टन माल लादलेली गाडी त्याला अर्धी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकांना तसाच कमी दाब देतो. भार वाढला, ब्रेक घटला. मालकाने ब्रेकला हातही लावलेला नसतो! दांडीचे माप नव्या कमानीप्रमाणे जुळवून घेता येते, हे खरे; पण रस्त्याकडेच्या दुरुस्तीत ते माप कितीसे पाहिले जाते?

सपाट रस्त्यावर या उणिवेची जाणीव होत नाही. ती होते घाटात.

इंदूरहून मुंबईकडे निघालेली वाहने माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात तो गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींच्या अपघातांमुळे वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होता. २०२४ च्या अखेरीस तेथे नवा, सौम्य उताराचा मार्ग खुला करावा लागला. बेळगावकडून गोव्यात उतरणारे चोर्ला व अनमोड हे घाटही ड्रायव्हरांच्या परीक्षेचेच. घाट उतरताना नेमके काय घडते, हे थोड्या आकड्यांनी स्पष्ट होईल. १८.५ टनांची गाडी उभ्या मापाने ५०० मीटर खाली आली, तर तिच्या वजनातून सुटणारी ऊर्जा इतकी असते की तिच्यावर २५ अंशांचे सुमारे २९० लिटर पाणी उकळीस यावे. उतार दहा किलोमीटर लांबीचा आणि वेग ताशी तीस किलोमीटर असेल, तर वीस मिनिटेपर्यंत सतत शंभर अश्वशक्तीइतका रोध करावा लागतो. त्याच गाडीत माल कोंबून एकूण वजन २६ टनांवर नेले, तर त्याच ऊर्जेत चारशे लिटर पाणी उकळेल. यांतील काही भाग वारा व रस्त्याचे घर्षण खातात, काही इंजिन रोखून धरते; जे उरते ते सर्व ब्रेकच्या ड्रमात उष्णता म्हणून उतरते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनिंगपासून दूर सरतो. आणि लायनिंग तापले की त्याची पकड ढिली होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेने.

हवेच्या ब्रेकची आणखी एक खोड अशी की, पायाला काही कळत नाही. लहान मोटारीत ब्रेक कमी झाला की पेडल खोल जाते. मालमोटारीत पाय फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडतो. चाकापाशी दांडा आपल्या सगळ्या वाटेच्या टोकाला जाऊन पोहोचला आणि पुढे रेटायला जागाच उरली नाही, तरी पेडल जसेच्या तसे लागते. घाटाच्या माथ्यावर ठीक असलेला ब्रेक मध्यावर नाहीसा होतो तो असा.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत की, जो चढ ज्या गिअरमध्ये चढता येईल, तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरावा. त्यात इंजिनच ब्रेकचे काम करते, आणि एक्झॉस्ट ब्रेक असल्यास तो त्यात भर घालतो. याच्या अगदी उलट जाणारी सवय म्हणजे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून गाडी सोडून देणे. यातले डिझेल वाचणे हाच मुळी भ्रम आहे. गिअरमध्ये, एक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी उतरत असली म्हणजे चाकेच इंजिनाला फिरवितात आणि आजच्या इंजिनात त्या वेळी डिझेल जवळपास बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आपल्या बळावर फिरत राहावे म्हणून त्याला डिझेल द्यावेच लागते. तेव्हा गिअर काढणारा ड्रायव्हर जीव धोक्यात घालतो तो थोडे अधिक डिझेल जाळण्यासाठी. उताराच्या पायथ्याशी तापलेल्या ड्रमवर बादलीने पाणी मारण्याची पद्धतही अशीच घातक. ओतीव लोखंड एकदम थंड केले की त्याला बारीक तडे जातात, आणि ते पुढच्या घाटात उमलतात.

निगा हा शब्द वर्कशॉपच्या संदर्भात वापरण्याची सवय झाली आहे. मालमोटारीची खरी निगा मात्र रोज सकाळी, इंजिन सुरू होण्यापूर्वी, क्लीनरच्या हातून होते. ब्रेकसाठी हवा साठविणाऱ्या टाक्यांच्या तळाशी पाणी जमते, कारण दाबलेली हवा थंड होताना आपल्यातील बाष्प टाकते. टाकीखालील कॉक उघडून ते पाणी रोज सोडले नाही, तर व्हॉल्व्ह गंजतात आणि टाकीत हवेला जागाही कमी उरते. कर्णकर्कश प्रेशर हॉर्नसाठी याच हवेच्या नळीला फाटा काढणारे महाभाग आहेत. अनेक सुरांचे हॉर्न नियमाने मनाई आहेतच. पण नियम बाजूला ठेवला तरी ज्या हवेवर गाडी थांबावयाची ती सूर काढण्यात खर्च करणे हा शहाणपणा नव्हे. हवा अगदीच गेली तर मागच्या चाकांतील जाड स्प्रिंग सुटून चाके जखडतात. ही कारखान्याने केलेली सोय आहे. पण गळती दुरुस्त करण्याऐवजी ती स्प्रिंगच बोल्टाने आवळून ठेवून गाडी पुढे हाकण्याचे प्रकार घडतात.

मागच्या जोडचाकांकडे पाहावयास डोळा पुरत नाही. आतल्या टायरची हवा निम्मी गेली तरी बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो आणि सारे ठीक दिसते. दोघांचा भार एकटा वाहणारा टायर तापत जातो आणि बऱ्याचदा दुपारच्या उन्हात फुटतो. क्लीनर हातातल्या टॉमीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकतो, त्यामागे हेच ज्ञान आहे. मात्र आवाजावरून हवा पूर्ण गेल्याचे कळते, थोडी गेल्याचे नाही, तेव्हा दाबाचे माप घ्यावेच. दोन टायरांमध्ये अडकलेला दगड काढावा. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटर अंतरावर थांबून नट पुन्हा आवळावेत. रबर चढविलेला टायर मागे चालतो, पुढच्या चाकांना तो घालू नये. पुढचा टायर फुटला की सुकाणू हातात राहत नाही. ग्रीसचे बिंदू, तेल, पाणी, पट्टे यांची माहिती प्रत्येक गाडीच्या पुस्तकात असते, तिची पुनरुक्ती येथे नको. एवढे मात्र सांगावयास हवे की १ एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या प्रदूषण-मानकांच्या अनेक मालमोटारींत युरियाच्या द्रावणाची एक वेगळी टाकी असते. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. त्यात विहिरीचे पाणी मिसळणे, किंवा संगणकाला चकविणारे यंत्र बसवून ती व्यवस्थाच बंद पाडणे, हे शेवटी दुरुस्तीच्या मोठ्या बिलाच्या रूपाने परत येते.

निगा न राखल्याने गाडी बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. नुसती उभी राहिल्यानेही ती बिघडते, हे गोमंतकातील ट्रकमालकांना फार महाग पडून कळले. सांगे, सावर्डे, उसगाव या भागांत खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज नेण्यासाठी घरोघरी कर्ज काढून टिपर घेतलेले होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या. मध्यंतरी सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. टिपर अंगणात उभे राहिले. अशा गाडीच्या एकाच ठिकाणी दबून राहिलेल्या टायरांची बाजू चपटी होते, कोकणच्या दमट हवेत ड्रमला गंजाने लायनिंग चिकटते, पाट्यांमध्ये गंज शिरतो, अर्ध्या भरलेल्या डिझेलच्या टाकीत पाणी सुटते. पुष्कळ दिवस उभी करावयाची गाडी रिकामी करून, टाकी भरून, बॅटरीची तार सोडवून ठेवावी आणि अधूनमधून थोडी पुढेमागे करावी. पण ज्या मालकाला हप्ता भरणे अशक्य झाले होते, त्याने टाकी भरावी तरी कशाने?

मालमोटारीचा हा हिशेब तिच्या धाकट्या भावंडांनाही लागतो. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. तिच्या वंशातील, मजबूत चासीवर बसविलेल्या मोठ्या मोटारी आज शहरांतील दारोदार दिसतात, आणि त्यांच्यात फेरफार करण्याची हौस मालमोटारींहूनही अधिक आहे. येथे कारण भाड्याचे नसते, रुबाबाचे असते. ३१ इंच व्यासाच्या टायरांच्या जागी ३३ इंचांचे घातले की प्रत्येक फेऱ्यात गाडी साडेसहा टक्के अधिक पुढे जाते. काटा ६० दाखवितो तेव्हा खरा वेग ६४ च्या घरात असतो. चाक मोठे झाल्याने तेच ब्रेक तितकेच अपुरे पडतात. कमान उचलून गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि जे वळण पूर्वी ती सहज घेई, त्याच वळणावर ती उलटण्याच्या बेतात येते. पुढे लावलेला लोखंडी गार्ड तर दुहेरी अपाय करतो. धडकेत मोटारीचा पुढचा भाग चुरगळून धक्का पचवावा, अशी तिची रचना असते. गार्ड तो धक्का सरळ चासीत पोहोचवितो, आणि एअरबॅग केव्हा उघडावी याचा यंत्राचा अंदाजही त्यामुळे चुकू शकतो. पायी चालणाऱ्याला तो लागतो ते वेगळेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. तपासणीच्या दिवशी जुने पाटे घालून न्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे चढवावे, अशा युक्त्या चालतात हे उघड गुपित आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस येतो, तेव्हा तो पाटे मोजतो.

अधिक भाराची झळ गाडीपुरती राहत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अहोरात्र फिरवून पाहण्यात आल्या. त्यांतून असे दिसून आले की आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणपणे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ठरलेल्या भाराच्या दीडपट भार घातला तर रस्ता पाचपट झिजतो. ज्या खड्ड्यांनी पाटे तुटतात म्हणून मालक ओरडतो, त्यांतले कित्येक असल्याच जादा पाट्यांच्या गाड्यांनी पाडलेले असतात.

घाट उतरून पायथ्याच्या नाक्यावर गाडी उभी राहिली, की जाणता ड्रायव्हर चहाकडे वळण्यापूर्वी एकदा गाडीला प्रदक्षिणा घालतो. प्रत्येक चाकाजवळ हात नेतो. ड्रमला लावीत नाही, चार बोटे अंतरावर धरतो. सगळ्या चाकांची धग सारखी असेल, तर ठीक. एखादे चाक फारच तापले असेल, तर तेथील ब्रेक घासत राहिला आहे. परंतु ज्या चाकाजवळ धग मुळीच लागत नाही, त्याच्यापाशी तो अधिक वेळ थांबतो. ते चाक बरे आहे म्हणून थंड राहिलेले नसते. साऱ्या घाटात त्याने ब्रेक लावलेलाच नसतो, आणि त्याचा वाटा बाकीच्या चाकांनी उचललेला असतो. चहा नंतर. आधी क्लीनरला पाना घेऊन गाडीखाली पाठवावयाचे.